फिनेस्त्रेचा घाट आणि त्याच्या पलीकडची दरी

सह्यघाट

नमस्कार मंडळी,

जिरो द'इतालिया या इटलीतल्या तीन आठवड्यांच्या सायकल शर्यतीत कोल्ले देल्ले फिनेस्त्रे नावाचा एक घाट अधूनमधून येतो. उत्तर इटलीतल्या पिएमोंते प्रांतात, सूझा गावातून निघालेला हा रस्ता साधारण साडेअठरा किलोमीटरमध्ये सतराशे मीटर वर चढतो आणि 2178 मीटर उंचीवरच्या खिंडीत पोहोचतो. सरासरी चढ नऊ टक्क्यांच्या पुढे आहे, आणि मध्ये दम घ्यायला सपाट तुकडा जवळजवळ नाहीच. शिवाय शेवटचे आठ किलोमीटर डांबर संपते आणि खडी-मातीचा जुना लष्करी रस्ता सुरू होतो. 2005 साली जिरोने हा घाट पहिल्यांदा वापरला आणि तेव्हापासून ज्या ज्या वर्षी तो आला, त्या त्या वर्षी शर्यतीच्या अखेरच्या दोन-तीन दिवसांतच आला.

या घाटाची सर्वांत जास्त सांगितली जाणारी गोष्ट ब्रिटिश सायकलपटू सायमन येट्सची आहे. 25 मे 2018 रोजी, एकोणिसाव्या टप्प्याच्या सकाळी, एकूण क्रमवारीत पहिला असणाऱ्याची गुलाबी जर्सी त्याच्या अंगावर होती. तेरा दिवस ती त्याने सांभाळली होती आणि तीन टप्पेही जिंकले होते. फिनेस्त्रेच्या पायथ्यालाच त्याचे पाय गळाले आणि त्या एका दिवसात त्याने 38 मिनिटे 51 सेकंद गमावली. सात वर्षांनी, 31 मे 2025 रोजी, त्याच रस्त्यावर तोच येट्स तिसऱ्या क्रमांकावरून सुटला आणि संध्याकाळी गुलाबी जर्सी घालून उभा राहिला. ही गोष्ट खरी आहे आणि ती वाचताना माझेही डोळे भरून आले होते. मात्र ती अशा रीतीने सांगितली जाते की, सगळा निकाल चढावरच लागला असे वाटते. हा धागा काढण्याचे कारण तेच आहे.

मी दोन्ही टप्प्यांची चित्रफीत वही आणि घड्याळ घेऊन पुन्हा पुन्हा पाहिली. माझे म्हणणे असे आहे की, फिनेस्त्रेचा चढ अंतर पाडतो, पण त्या अंतराचे काय होणार हे पलीकडच्या उतारावर आणि त्यानंतर सेस्त्रिएर गावाकडे जाणाऱ्या दरीतल्या रस्त्यावर ठरते. तिथे कोण एकटा आहे, कोणाला सोबत आहे, आणि सोबत असलेले एकमेकांसाठी राबायला तयार आहेत की नाहीत, यावर तीन आठवड्यांची मेहनत टिकते किंवा वाया जाते.

आधी 2018 घ्या. क्रिस फ्रूम त्या सकाळी येट्सच्या 3 मिनिटे 22 सेकंद मागे, चौथा होता. टॉम ड्युमोलिन अवघ्या 28 सेकंदांनी दुसरा होता. फ्रूमच्या संघाने फिनेस्त्रेवर सुरुवातीपासूनच जबर वेग लावला, आणि खडीच्या रस्त्यावर, शेवट अजून 80 किलोमीटर दूर असताना, फ्रूम एकटा निघून गेला. माथ्यावर तो ड्युमोलिनच्या किती पुढे होता? मिनिटभरही नाही. शेवटी बार्दोनेक्कियाच्या वर, याफ्फेरोच्या चढाच्या माथ्यावर, हे अंतर 3 मिनिटे 23 सेकंद झाले होते. आता खरा मुद्दा हा की, त्या शेवटच्या चढावर अंतरात फारशी भर पडलीच नाही. बहुतेक सगळी कमाई फिनेस्त्रेचा माथा आणि याफ्फेरोचा पायथा यांच्यामध्ये झाली होती.

ड्युमोलिनच्या गटात त्याच्यासह पाच जण होते: थिबो पिनो, पिनोचा साहाय्यक सेबास्तियाँ रायशेनबाख, रिचर्ड कारापाझ आणि मिगेल आंखेल लोपेझ. उतारावर ड्युमोलिन रायशेनबाखसाठी थांबला. पुढच्या दरीत ओढायला, म्हणजे पुढे राहून मागच्यांसाठी वारा कापायला, एक जास्तीचा माणूस मिळेल, हा त्याचा हिशेब होता आणि कागदावर तो चुकीचा नव्हता. पण रायशेनबाख उतारावर जपून उतरणारा होता, त्यामुळे माणूस मिळाला आणि वेळ गेली. कारापाझ आणि लोपेझ यांची झुंज तरुणांसाठीच्या पांढऱ्या जर्सीसाठी एकमेकांशीच होती, म्हणून ते दोघे पुढे येऊन वारा अंगावर घ्यायला तयार नव्हते. पाच जणांच्या गटाने एकट्या माणसाला गाठायला हवे होते. प्रत्यक्षात एकटा माणूस दर किलोमीटरला पुढे सरकत गेला, कारण त्याला कोणाकडे वळून पाहायचेच नव्हते. फ्रूमने ती जिरो 46 सेकंदांनी जिंकली.

2025 च्या टप्प्याविषयी खाली प्रतिसादात लिहितो, कारण लेख आधीच लांबला आहे. आपली मते जरूर लिहा.

आरंभिका

लेख आवडला. मी या खेळात नवीन आहे, म्हणून एक प्राथमिक शंका विचारते. 2025 चा तो टप्पा येट्सने जिंकला नव्हता असे मी वाचले आहे. मग टप्पा न जिंकता शर्यत कशी जिंकता येते? आणि वेळेचा हिशेब कसा चालतो?

सह्यघाट

शंका अगदी योग्य आहे. रोज जी शर्यत होते तिला टप्पा म्हणतात आणि एकवीस टप्प्यांच्या वेळा एकत्र मिळवून एकूण क्रमवारी बनते. ज्याची बेरीज सर्वांत कमी, त्याच्या अंगावर गुलाबी जर्सी. बहुतेक टप्प्यांच्या शेवटी पहिल्या तिघांना अनुक्रमे 10, 6 आणि 4 सेकंदांची सूट मिळते, ती बेरजेतून वजा होते. त्यामुळे जो माणूस एकूण क्रमवारीत तासभर मागे आहे त्याला पुढे जाऊ दिले तरी आघाडीवरच्यांचे काही बिघडत नाही. त्या दिवशी ऑस्ट्रेलियाचा क्रिस हार्पर आधीपासून पुढे असलेल्या गटातून सुटला आणि सेस्त्रिएरला टप्पा जिंकला. येट्स तिसरा आला. पण येट्सची लढत हार्परशी नव्हतीच. ती होती मागे राहिलेल्या इसाक देल तोरो आणि रिचर्ड कारापाझ यांच्याशी.

सकाळी देल तोरो पहिला, कारापाझ 43 सेकंदांनी दुसरा आणि येट्स 1 मिनिट 21 सेकंदांनी तिसरा होता. संध्याकाळी येट्स देल तोरोच्या 3 मिनिटे 56 सेकंद पुढे होता. म्हणजे सूट धरून एका दिवसात 5 मिनिटे 17 सेकंदांची उलथापालथ झाली. यातला फिनेस्त्रेच्या माथ्यापर्यंतचा वाटा दीड मिनिटाच्या थोडा वर होता. उरलेले साडेतीन मिनिटांहून अधिक अंतर उतार, दरी आणि सेस्त्रिएरचा सौम्य चढ इथे पडले. 2018 ची आकडेवारी याच्याशेजारी ठेवून पाहा, म्हणजे माझे म्हणणे लक्षात येईल.

तिसरा_गिअर

धागाकर्त्यांशी मी अंशतः असहमत आहे आणि असहमती सविस्तर नोंदवतो.

दरीत अंतर वाढले हे खरे, पण ते कोणाचे आणि का वाढले? ज्याचे पाय चढावर रिकामे झाले त्याचे. नऊ टक्क्यांच्या चढावर तासभर आपल्या कुवतीच्या वर राहिलेला माणूस माथ्यावर केवळ चाळीस सेकंद मागे दिसत असेल, तरी त्याच्या पोटऱ्यांतले आणि यकृतातले साखरेचे साठे तळाला गेलेले असतात. त्याची खरी किंमत अर्ध्या तासाने चुकवावी लागते. दरी हे फक्त ते ठिकाण आहे जिथे चढाचे बिल हातात पडते. ड्युमोलिनला रायशेनबाखची वाट पाहावीशी वाटली, कारण एकट्याने पाठलाग करण्याइतके बळ आपल्यात उरलेले नाही हे त्याला आतून कळले होते. ताजा असता तर तो थांबला नसता.

दुसरे असे की, खडीच्या रस्त्याचा परिणाम आपल्या लेखात एका वाक्यात उरकला आहे. डांबरावर दमलेला माणूस पेडलवर उभा राहून शरीराचे वजन वापरू शकतो. खडीवर उभे राहिले की मागच्या चाकावरचा भार हलका होतो आणि चाक जागच्या जागी घसरते, म्हणून बसूनच, हलक्या गिअरवर, एकसारखे पेडल मारावे लागते. शर्यतीआधी रस्ता दाबून घेतात, तरी मोटारगाड्यांच्या चाकांनी घट्ट झालेला हातभर रुंदीचा पट्टा तेवढाच खरा चालण्यासारखा असतो. त्या पट्ट्यात जो पुढे आहे त्याला ओलांडायचे तर सैल खडीत चाक घालावे लागते. एकदा मागे पडलेला माणूस तिथे सहजासहजी परत जोडला जात नाही. फिनेस्त्रेवर अंतर पडते ते यामुळे.

गणिती

वरील दोन्ही बाजूंना थोडा आकड्यांचा आधार देतो. हे ढोबळ गणित आहे, कोणाच्या मोजलेल्या शक्तीचे आकडे नव्हेत.

समजा सायकलपटू 65 किलोचा आणि सायकल, कपडे, बाटली मिळून 8 किलो. नऊ टक्के चढावर तो ताशी 18 किलोमीटरने जात असेल, तर केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध त्याला सुमारे 320 वॅट लागतात. हवा कापायला लागतात जेमतेम 20 वॅट. खडीवर टायरच्या घर्षणाला आणखी 30 ते 35. म्हणजे एकूण खर्चात हवेचा वाटा वीसावा हिस्सा. अशा चढावर कोणाच्या मागे बसून फारसे काही वाचत नाही, म्हणून तिथे ज्याच्या पायांत दम तो पुढे जातो. इतका सरळ हिशेब सायकलिंगमध्ये इतरत्र क्वचितच असतो.

आता सेस्त्रिएरचा चढ घ्या. तो सुमारे 16 किलोमीटरचा असून सरासरी चार टक्क्यांच्या आतला आहे. तिथे हाच माणूस ताशी 30 च्या वेगाने जातो. गुरुत्वाकर्षणाला सुमारे 225 वॅट, टायरला 25 च्या आसपास आणि हवेला जवळजवळ 100 वॅट. म्हणजे पाव हिश्शाहून अधिक शक्ती वारा कापण्यात जाते. समोर दुसरा कोणी असेल आणि त्याच्या आडोशाने यातला तिसरा हिस्सा जरी वाचला, तरी 30 वॅट हातात उरतात. तीन आठवडे दमलेल्या माणसाला 30 वॅट म्हणजे फार मोठी गोष्ट आहे. दिसायला तो चढ आहे, नकाशावर त्याला चढ म्हणूनच गुण मिळतात, पण त्याचे वागणे सपाट रस्त्यासारखे आहे.

म्हणून माझ्या मते तिसरा_गिअर यांचे फिनेस्त्रेबद्दलचे म्हणणे बरोबर आहे आणि सह्यघाट यांचे सेस्त्रिएरबद्दलचे. दोन चढ दोन वेगळ्या नियमांनी चालतात, आणि मार्ग आखणाऱ्यांनी ते एकामागोमाग ठेवले आहेत.

दूरदेशी

मी नोकरीनिमित्त तुरीनला राहतो. 2025 चा टप्पा मी फिनेस्त्रेच्या माथ्याजवळ, खडीच्या रस्त्याकडेला उभा राहून पाहिला. जे पाहिले ते नोंदवतो.

पलीकडच्या चिझोने दरीच्या बाजूने आम्ही भल्या पहाटे चालत निघालो. वर पोहोचेपर्यंत गवताच्या उतारावर इतकी माणसे बसलेली होती की, डोंगर रंगीबेरंगी दिसत होता. ऊन चांगले होते आणि रस्ता कोरडा खडखडीत. खाली दूरवर वळणे दिसतात, त्यामुळे मोटारसायकलींची धूळ आधी दिसते आणि माणसे नंतर.

पुढचा गट तुकड्या तुकड्यांनी येऊन गेला. त्यात वाउट व्हान आर्ट होता. हा धिप्पाड माणूस, सपाटीचा आणि चिखलाचा राजा, इतक्या उभ्या घाटावर पुढच्या लोकांत काय करतो आहे, असा प्रश्न माझ्या शेजारच्या आजोबांनी मोठ्याने विचारला. माझ्याकडेही तेव्हा उत्तर नव्हते. बऱ्याच वेळाने येट्स आला. एकटाच. माझ्यापासून दोन हातांवरून गेला तेव्हा लोकांच्या ओरडण्यातूनही टायरखाली खडी चिरडल्याचा करकर आवाज ऐकू आला. कपाळापासून हनुवटीपर्यंत धुळीचा थर होता, आणि घाम वाहिला होता तेवढ्याच जागी कातडी दिसत होती. त्याची नजर पुढच्या चाकापासून फार तर दोन वाव लांबच्या जमिनीवर होती. आजूबाजूच्या कोणाकडे त्याचे लक्ष नव्हते.

मी घड्याळ लावले. देल तोरो आणि कारापाझ आले तेव्हा दीड मिनिटाच्या वर काटा गेला होता. दोघे एकापाठोपाठ, चाकाला चाक लावून. माझ्या समोरच्या वळणावर पुढच्याने मान वळवून मागच्याकडे पाहिले आणि वेग किंचित उतरला. क्षणभरच. पण एवढ्या जवळून ते पाहिल्यावर मला वाटले की, या दोघांची शर्यत आता एकमेकांशीच उरली आहे.

सह्यघाट

दूरदेशी, आपण जे डोळ्यांनी पाहिले ते माझ्या वहीतल्या सगळ्या आकड्यांपेक्षा मोलाचे आहे. आपल्या शेजारच्या आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर हाच 2025 च्या टप्प्याचा गाभा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

व्हान आर्टला येट्सच्या संघाने सकाळीच पुढच्या गटात पाठवले होते. टप्पा जिंकण्यासाठी नव्हे. त्याने फिनेस्त्रे आपल्या गतीने, पण येट्सच्या आधी ओलांडावा आणि पलीकडे दरीत त्याची वाट पाहावी, यासाठी. येट्स चढावर सुटला नसता तर व्हान आर्टची सगळी मेहनत वाया गेली असती. येट्स सुटला पण दरीत एकटा पडला असता, तर गणिती यांनी मांडलेले 100 वॅट त्याने स्वतःच्या पायांतून भरले असते आणि मागचे दोघे एकत्र आले असते, तर त्याला गाठूही शकले असते. प्रत्यक्षात उतारानंतर त्याला समोर आपल्याच संघाची जर्सी दिसली. व्हान आर्ट हा सपाटीवर जगातल्या सर्वांत ताकदवान माणसांपैकी एक आहे. त्याने येट्सला मागे घेतले आणि सेस्त्रिएरच्या चढाच्या दिशेने जीव तोडून ओढले. शक्ती संपल्यावर तो बाजूला झाला.

मागे काय चालले होते? देल तोरो अवघा 21 वर्षांचा, मेक्सिकोचा, मोठ्या शर्यतीत पहिल्यांदाच इतक्या वर. कारापाझ 2019 चा जिरो विजेता, घाटातला मुरलेला माणूस. फिनेस्त्रेच्या पायथ्याशी कारापाझने हल्ल्यावर हल्ले चढवले आणि देल तोरोने एकही सुटू दिला नाही. देल तोरोच्या मनात ठसले होते की, आपल्याला धोका आहे तो या माणसापासून. येट्स निघून गेल्यावर दोघेही कात्रीत सापडले. कारापाझने ओढले तर देल तोरो मागे आरामात बसून शेवटी त्याला मागे टाकणार. देल तोरोने ओढले तर कारापाझ तेच करणार. दोघांनाही सोडायचे नव्हते आणि दोघांचेही गेले. शर्यतीनंतर कारापाझने देल तोरोच्या धोरणाबद्दल उघड नाराजी बोलून दाखवली, पण माझ्या मते दोष एकट्या देल तोरोचा नाही. गुलाबी जर्सी त्याच्या अंगावर होती म्हणून जबाबदारी त्याची जास्त, एवढेच म्हणता येईल. 21 व्या वर्षी, साथीदार मागे पडलेले असताना, त्या कोंडीतून वाट काढणे कोणालाही अवघड होते.

जुनी_चेन

वाचताना आपल्याकडची मुंबई-पुणे सायकल शर्यत आठवली. तरुणपणी मी ती दोनदा केली आहे. बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' हा मान मिळतो. आम्हा पोरांना तो मान शर्यत जिंकण्याइतकाच मोठा वाटायचा. पण घाट जिंकलेला माणूस पुण्यात पहिला यायचाच असे नाही, कारण खंडाळ्याच्या पुढे लोणावळ्यापासून पुण्यापर्यंत साठेक किलोमीटरचा उघडा रस्ता असतो. एका वर्षी मी घाटात पहिल्या दहांत होतो. वर आल्यावर आम्ही तिघे होतो आणि तिघांनाही वाटत होते की, दुसऱ्याने पुढे व्हावे. कामशेतच्या आधीच मागच्या वीस जणांच्या घोळक्याने आम्हाला गिळले. ते वीस जण घाटात आमच्यापेक्षा कमकुवत होते, पण आळीपाळीने पुढे येत होते.

फिनेस्त्रे आणि बोरघाट यांची उंचीत तुलना होऊ शकत नाही हे मला मान्य आहे. पण घाटानंतरच्या रस्त्याबद्दल धागाकर्ते जे लिहीत आहेत, ते मी माझ्या पायांनी भोगलेले आहे.

पाऊलवाट

धाग्याचा विषय उतार आणि दरी हा असेल, तर 5 जून 1988 चा गाविया घाट वगळून चालणार नाही.

किएसा वाल्मालेंको ते बोर्मियो, फक्त 120 किलोमीटरचा टप्पा, पण मध्ये सव्वीसशे मीटरच्या वर जाणारा गाविया, आणि त्या दिवशी माथ्यावर बर्फाचे वादळ. तेव्हा त्या रस्त्याचा मोठा भाग कच्चाच होता. हॉलंडचा योहान व्हान देर व्हेल्डे अर्ध्या बाह्यांच्या जर्सीत सर्वांच्या आधी माथ्यावर पोहोचला. चढताना शरीर तापलेले असते, थंडी कळत नाही. उतार सुरू झाला की पाय थांबतात, वेग वाढतो, भिजलेल्या कपड्यांतून वारा जातो, आणि बोटे ब्रेक दाबेनाशी होतात. व्हान देर व्हेल्डेला उतारावर आसरा घ्यावा लागला आणि बोर्मियोला पोहोचेपर्यंत त्याने पाऊण तासाहून अधिक वेळ गमावली. चढाचा तोच विजेता होता.

अमेरिकेचा अँडी हँपस्टन त्या दिवशी दुसरा आला, एरिक ब्रॉयकिंकच्या 7 सेकंद मागे, पण गुलाबी जर्सी त्याला मिळाली आणि तीच त्याने शेवटपर्यंत राखली. जिरो जिंकणारा तो पहिला अमेरिकन. त्याच्या संघाच्या लोकांनी त्या सकाळी स्कीइंगच्या दुकानांतून हातमोजे, टोप्या, गरम कपडे विकत घेऊन ठेवले होते आणि माथ्याच्या आधी ते खेळाडूंच्या हाती दिले. हँपस्टन उत्तम चढणारा होता, यात वाद नाही, पण तो दिवस हातमोज्यांनी जिंकला असे मी म्हणेन.

आरंभिका

हातमोज्यांचे वाचून विचारावेसे वाटते. फिनेस्त्रेसारख्या दिवशी खाण्याची व्यवस्था कशी करतात? एवढ्या चढावर कोणी घास कसा गिळत असेल?

तिसरा_गिअर

घास गिळत नाहीत, बहुतेक पितात. साखरेची दाट जेल आणि साखर घातलेले पाणी यांवर चढ काढतात. आताच्या व्यावसायिक शर्यतीत कठीण टप्प्यावर ताशी 90 ते 120 ग्रॅम कर्बोदके घेण्याचा प्रघात आहे. कोणाचेही पोट हे एकदम सहन करत नाही, म्हणून ते महिनोन्महिने सरावाने शिकवावे लागते.

2018 साली फ्रूमच्या संघाची खरी हुशारी इथे दिसली. खडीच्या रस्त्यावर संघाची मोटार वेळेत पोहोचेल याची खात्री नसते. म्हणून त्यांनी घाटात ठिकठिकाणी आपली माणसे बाटल्या आणि जेल घेऊन उभी केली. त्यामुळे फ्रूमला दोन भरलेल्या बाटल्यांचे वजन अंगाखाली घेऊन चढावे लागले नाही. थोडेसे पाणी घेऊन निघायचे, प्यायचे, टाकायचे आणि पुढच्या माणसाकडून नवीन घ्यायचे. 80 किलोमीटर एकट्याने जायचे हे अचानक सुचले नव्हते. संपूर्ण संघाने ते आधी कागदावर मांडले होते.

गणिती

त्या टप्प्याचे कौतुक करताना एक गोष्ट नोंदवणे मला प्रामाणिकपणाचे वाटते. 2017 च्या स्पेनमधल्या व्हुएल्टा शर्यतीत फ्रूमच्या चाचणीत सालब्युटामॉल या दम्याच्या औषधाचे प्रमाण मर्यादेपेक्षा जास्त आढळले होते. 2018 ची जिरो चालू असताना ते प्रकरण निकाली निघालेले नव्हते. त्यामुळे त्या दिवशी अनेक प्रेक्षकांना मोकळेपणाने टाळ्या वाजवता आल्या नाहीत.

सह्यघाट

बरोबर आहे आणि ते लिहिले ते चांगले केलेत. त्याचा शेवट मात्र सोबतच नोंदवायला हवा. 2 जुलै 2018 रोजी आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने ते प्रकरण बंद केले आणि फ्रूमवर कोणतीही कारवाई झाली नाही. त्याचे विजय अबाधित राहिले.

आता तिसरा_गिअर यांच्या मूळ आक्षेपाकडे येतो. दरीत फक्त चढाचे बिल हातात पडते, असे ते म्हणतात. तसे असते तर दमलेला माणूस प्रत्येक वेळी दरीत बुडाला असता. याविरुद्ध माझ्याकडे दोन उदाहरणे आहेत.

पहिले टूर द फ्रान्समधले, 21 जुलै 2011 चे. अँडी श्लेक इझोआर घाटावर सुटला तेव्हा शेवट 60 किलोमीटर दूर होता. त्याच्या संघाने मॅक्सिम मॉन्फोर्टला सकाळीच पुढे पाठवून ठेवले होते, अगदी व्हान आर्टसारखे. मॉन्फोर्टने त्याला दरीतून लोतारे खिंडीच्या दिशेने समोरचा वारा अंगावर घेत ओढून नेले. पुढे 2645 मीटर उंचीवर, गालिबिएच्या माथ्यावर, श्लेक जिंकला. मागच्या गटात कॅडेल इव्हान्स होता. त्याच्या मागे दिग्गजांची रांग होती आणि कोणीही पुढे येऊन हात द्यायला तयार नव्हते. ड्युमोलिन आणि देल तोरो यांच्यापुढे जो पेच होता तोच. इव्हान्सने काही वेळ इतरांकडे पाहिले आणि मग त्यांचा नाद सोडला. लोतारेपासून गालिबिएपर्यंत तो जवळजवळ एकटाच पुढे राहिला, सगळ्यांना फुकट ओढत. श्लेकची आघाडी चार मिनिटांच्या घरात गेली होती, ती त्याने शेवटी सव्वादोन मिनिटांवर आणली. दोन दिवसांनी ग्रेनोब्लला एकट्याने घड्याळाविरुद्ध धावण्याच्या टप्प्यात त्याने उरलेली भरपाई केली आणि टूर जिंकली. पाय त्याचेही दमलेले होते.

दुसरे उदाहरण फिनेस्त्रेचेच आहे, घाट पहिल्यांदा आला त्या 2005 सालचे. पाओलो सावोल्देल्लीच्या अंगावर गुलाबी जर्सी होती. जिल्बेर्तो सिमोनी, दानिलो दि लुका आणि व्हेनेझुएलाचा इवलासा होसे रुहानो या तिघांनी त्याला खडीवर मागे टाकले. माथ्यावर पाहणाऱ्यांना वाटले की, जर्सी गेली. चढ तो हरला होता, आणि तिसरा_गिअर यांच्या न्यायाने दरीत त्याची धूळधाण उडायला हवी होती. पण सावोल्देल्लीला इटलीत बहिरी ससाणा म्हणत, ते त्याच्या उतार उतरण्यामुळेच. फिनेस्त्रेच्या पलीकडच्या वळणांवर तो जितका ब्रेक कमी लावता येईल तितका कमी लावत खाली आला, आणि दरीत त्याला दुसऱ्या संघांतल्या सायकलपटूंची साथ मिळाली. त्यांच्या आडोशाने तो सेस्त्रिएरच्या चढाला लागला. पुढे दि लुकाच्या पायांत गोळे आले आणि तो मागे पडला. रुहानोने टप्पा जिंकला. सिमोनी वर पोहोचून मागे वळून घड्याळाकडे पाहत उभा होता, तेवढ्यात सावोल्देल्ली शेवटच्या वळणावर दिसला. त्याने ती जिरो 28 सेकंदांनी जिंकली.